वाहन, माल की निवारा? : अमेरिकेतील ट्रक-कॅम्परच्या विम्याचा इतिहास आणि वर्गीकरणाचा प्रश्न

प्रास्ताविक :

विम्याचा इतिहास हा सामान्यतः अर्थशास्त्र किंवा वाणिज्य शाखेच्या अभ्यासकांचा विषय मानला जातो. इतिहासाच्या अभ्यासकांनी त्याकडे फारसे लक्ष दिलेले नाही. वस्तुतः एखादा समाज कोणत्या वस्तूला काय म्हणतो, तिची गणना कशात करतो आणि तिच्या नुकसानीची जबाबदारी कोणावर टाकतो, हे जाणून घेण्यासाठी विमापत्रासारखे बोलके साधन क्वचितच आढळते. विमापत्रातील व्याख्या, अपवाद आणि अटी हे त्या त्या काळातील समाजजीवनाचे दस्तऐवजच असतात.

या दृष्टीने विचार करता अमेरिकेतील ‘ट्रक-कॅम्पर’ हे एक उद्बोधक उदाहरण ठरते. ट्रक-कॅम्पर म्हणजे पिकअप ट्रकच्या मागील उघड्या हौद्यात बसविलेली लहानशी खोली होय. तीत झोपण्यासाठी फळी, स्वयंपाकाचा ओटा, पाण्याची टाकी आणि बहुधा लहान शौचकूपही असतो. हे कॅम्पर चार कोपऱ्यांतील जॅकवर उचलून हौद्यातून वेगळे काढता येते. त्यानंतर ट्रक नेहमीच्या कामाला मोकळा होतो आणि खोली अंगणात किंवा तळावर जॅकच्या आधाराने उभी राहते. तिला स्वतःचे इंजिन नाही, चाके नाहीत आणि पायाही नाही. मग ती वाहन आहे, माल आहे की घर? सकृद्दर्शनी हा प्रश्न गमतीचा वाटतो. परंतु अपघात, आग किंवा चोरी झाल्यानंतर याच प्रश्नाच्या उत्तरावर मालकाला भरपाई मिळणे वा न मिळणे अवलंबून असते. ते कॅम्परच एखाद्याचे एकमेव घर असेल, तर प्रश्नाचे गांभीर्य अधिकच वाढते.

निबंधाचा उद्देश :

प्रस्तुत निबंधाचे उद्देश पुढीलप्रमाणे आहेत.
१) अमेरिकेतील मोटारविम्याच्या विकासाच्या पार्श्वभूमीवर ट्रक-कॅम्परचे स्थान तपासणे.
२) ट्रेलर, मोटार-होम आणि कॅम्पर या तीन फिरत्या निवाऱ्यांना कायद्याने दिलेल्या भिन्न ओळखींचा मागोवा घेणे.
३) याच स्वरूपाचा वर्गीकरणाचा प्रश्न भारतीय मोटार कायद्यात कोणत्या रूपाने उभा राहिला, याचा थोडक्यात विचार करणे.

विमा वस्तूला मिळतो असे आपण मानतो, परंतु प्रत्यक्षात तो वस्तूच्या वर्गाला मिळतो. जी वस्तू दोन वर्गांच्या सीमेवर उभी असते, तिला संरक्षण मिळण्यापूर्वी नाव मिळवावे लागते. हे नाव मिळविण्याचा भार प्रायः विमा कंपनीवर वा शासनावर न पडता मालकावर पडतो, असे प्रस्तुत लेखकाचे प्रतिपादन आहे.

घोडागाडीकडून मोटारीकडे :

अमेरिकेत मोटारविम्याचा आरंभ १८९७-९८ च्या सुमारास झाला. ट्रॅव्हलर्स या कंपनीने मॅसॅच्युसेट्स राज्यातील वेस्टफील्ड व न्यूयॉर्क राज्यातील बफेलो येथील मोटारमालकांना दिलेली विमापत्रे ही या क्षेत्रातील पहिली मानली जातात. त्या वेळी रस्त्यावर मोटारी अगदी मोजक्या होत्या, तर घोडे सर्वत्र होते. त्यामुळे मोटारीसाठी स्वतंत्र विमापत्र तयार करण्याऐवजी घोडागाडीच्या मालकांसाठी असलेल्या दायित्व विम्याच्या धर्तीवरच ही पत्रे बेतण्यात आली. नव्या वस्तूला जुन्या वर्गात बसवून पाहण्याची विमा व्यवसायाची ही प्रवृत्ती पुढील शतकभर वारंवार दिसून येते.

विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात मोटारींची संख्या झपाट्याने वाढली आणि अपघातग्रस्तांच्या भरपाईचा प्रश्न ऐरणीवर आला. या संदर्भात १९२५ हे वर्ष विशेष महत्त्वाचे ठरते. या वर्षी कनेक्टिकट राज्याने मोटारचालकांच्या आर्थिक जबाबदारीचा कायदा केला. याच वर्षी मॅसॅच्युसेट्स राज्याने सक्तीच्या दायित्व विम्याचा कायदा संमत केला. त्याची अंमलबजावणी १ जानेवारी १९२७ पासून सुरू झाली. अन्य राज्यांनी मात्र सक्तीच्या बाबतीत दीर्घकाळ वाट पाहिली. न्यूयॉर्क व नॉर्थ कॅरोलिना या राज्यांनी १९५० च्या दशकाच्या उत्तरार्धात हा मार्ग स्वीकारला. न्यू हॅम्पशायरने तर मोटारविमा सर्वांसाठी सक्तीचा केलेलाच नाही.

येथे दोन बाबी लक्षात घेणे आवश्यक आहे. पहिली बाब अशी की, सक्तीचा विमा हा दुसऱ्याला झालेल्या इजेसाठी असतो, मालकाच्या स्वतःच्या वस्तूसाठी नव्हे. स्वतःच्या वाहनाचे नुकसान भरून मिळावे यासाठी घ्यावयाचा विमा ऐच्छिक असतो. त्याची व्याप्ती पूर्णतः कराराच्या शब्दांवर ठरते. दुसरी बाब म्हणजे विम्याचे नियमन अमेरिकेत राज्यांकडे आहे. १८६९ मधील पॉल विरुद्ध व्हर्जिनिया या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने विमा हा आंतरराज्य व्यापार नसल्याचे म्हटले होते. १९४४ मध्ये त्याच न्यायालयाने साउथ-ईस्टर्न अंडररायटर्स खटल्यात ही भूमिका बदलली. तथापि, १९४५ च्या मॅकॅरन-फर्ग्युसन कायद्याने नियमनाचा अधिकार पुन्हा राज्यांच्याच हाती ठेवला. ज्या वस्तूचा जन्मच राज्यांच्या सीमा ओलांडण्यासाठी झाला, तिचे नाव व नोंदणी राज्यागणिक बदलण्यामागे ही पार्श्वभूमी आहे.

हौद्यावरचे घर :

१९२५ हेच वर्ष आणखी एका कारणाने उल्लेखनीय आहे. या वर्षी फोर्ड कंपनीने आपल्या ‘मॉडेल टी’ गाडीची कारखान्यातच तयार केलेला हौदा असलेली पिकअप आवृत्ती बाजारात आणली. शेतकरी, सुतार व लहान व्यापारी यांच्यासाठी हे कामाचे वाहन होते. दुसऱ्या महायुद्धानंतर मात्र त्याचे स्वरूप पालटले. महामार्गांचे जाळे, पगारी सुट्ट्या आणि राष्ट्रीय उद्यानांचे आकर्षण यांमुळे मध्यमवर्गीय अमेरिकन कुटुंब प्रवासाला निघू लागले. ज्याच्याजवळ पिकअप होता, त्याला स्वतंत्र मोठे वाहन घेण्यापेक्षा हौद्यावर खोली बसविणे स्वस्त पडे. प्रारंभी लोकांनी घरीच लाकूड व पत्रा वापरून अशा खोल्या तयार केल्या. पुढे त्यांचे कारखाने निघाले.

या वस्तूला वाङ्मयीन प्रतिष्ठा मिळवून दिली ती जॉन स्टाइनबेक यांनी. १९६० च्या सप्टेंबरमध्ये ते जीएमसी कंपनीच्या पिकअपवर खोली बसवून आपल्या कुत्र्यासह देशाटनाला निघाले. डॉन किहोतेच्या घोड्यावरून त्यांनी त्या गाडीला ‘रोसिनांते’ हे नाव दिले होते. या प्रवासावरील त्यांचे पुस्तक १९६२ मध्ये प्रसिद्ध झाले. आज ही गाडी कॅलिफोर्नियातील सॅलिनास येथील स्टाइनबेक केंद्रात जतन करण्यात आली आहे. तेथे ट्रक आणि त्यावरील खोली एकत्रच ठेवली आहे, कारण पाहणाऱ्याच्या दृष्टीने ती एकच वस्तू आहे. विमापत्राच्या दृष्टीने मात्र अशा जोडीकडे दोन वस्तू म्हणून पाहिले जाते.

तीन निवारे, तीन ओळखी :

फिरत्या निवाऱ्याचे तीन प्रमुख प्रकार अमेरिकेत रूढ झाले. पहिला, मोटारीमागे ओढून न्यावयाचा ट्रेलर. दुसरा, इंजिन व निवास एकाच सांगाड्यावर असलेले मोटार-होम. तिसरा, प्रस्तुत निबंधाचा विषय असलेला कॅम्पर. १९७० ते १९८५ या काळात कायद्याने या तिघांना वेगवेगळ्या वाटेने नेले.

त्यांपैकी मोठ्या आकाराच्या ट्रेलरचा प्रवास घराच्या दिशेने झाला. एकदा जागेवर नेल्यानंतर असे ट्रेलर सहसा हलत नसत आणि अल्प उत्पन्न गटातील लाखो कुटुंबे त्यांत कायमची राहत. १९७४ मध्ये संसदेने फिरत्या घरांच्या बांधकाम व सुरक्षा मानकांचा कायदा केला. जून १९७६ पासून गृहनिर्माण खात्याची मानके लागू झाली आणि १९८० मध्ये कायद्यातील ‘फिरते घर’ हा शब्द बदलून ‘कारखान्यात निर्मित घर’ असा शब्द योजण्यात आला. विमा क्षेत्राने या वर्गाची दखल त्यापूर्वीच घेतली होती. मिशिगन राज्यातील ग्रँड रॅपिड्स येथे १९५२ मध्ये स्थापन झालेली फोरमोस्ट ही कंपनी मुख्यत्वे अशाच घरांच्या विम्यासाठी उभी राहिली होती.

मोटार-होमचा प्रवास वाहनाच्या दिशेने झाला. या संदर्भात सर्वोच्च न्यायालयाचा १९८५ मधील कॅलिफोर्निया विरुद्ध कार्नी हा निर्णय महत्त्वाचा आहे. सॅन डिएगो शहरातील एका वाहनतळावर उभ्या असलेल्या मोटार-होमची पोलिसांनी वॉरंटशिवाय झडती घेतली होती. घराच्या झडतीस वॉरंट लागते. मोटारीच्या बाबतीत मात्र १९२५ च्या कॅरोल खटल्यापासून सवलत आहे. सहा विरुद्ध तीन अशा बहुमताने न्यायालयाने ठरविले की, रस्त्यावर सहज चालू शकणारे आणि निवासाच्या कायम जागी नसलेले मोटार-होम हे या प्रयोजनासाठी वाहनच होय. अल्पमतातील न्यायमूर्तींनी मात्र आतील पडदे, पलंग व स्वयंपाकघर यांकडे लक्ष वेधून तेथे राहणाऱ्याच्या खाजगीपणाचा पुरस्कार केला.

कॅम्परच्या वाट्याला यांपैकी कोणतीच ओळख आली नाही. संघीय वाहतूक सुरक्षा नियमांत कॅम्परची व्याख्या देताना, ट्रकच्या मालवाहू भागात बसविण्यासाठी बनविलेली व माणसांना निवारा देणारी रचना असा आशय व्यक्त केला आहे. परंतु त्याच नियमांत ट्रक-उत्पादकाने मालाची वजनक्षमता आणि कॅम्परचा गुरुत्वमध्य कोणत्या मर्यादेत असावा हे कळवावे, तर कॅम्पर-उत्पादकाने त्याचे कमाल भारित वजन नमूद करावे, अशी तरतूद आहे. म्हणजे व्याख्येत निवारा असलेली वस्तू वजनाच्या हिशेबात माल ठरते. एकाच नियमात दोन दृष्टी नांदतात, ही बाब अभ्यासकांनी लक्षात घेण्यासारखी आहे.

राज्यांच्या कायद्यांत हीच संदिग्धता अधिक ठळक होते. कॅलिफोर्नियाच्या वाहन संहितेनुसार कॅम्पर कायमचे जोडलेले असेल तर तो ट्रक ‘हाउस-कार’ ठरतो. ते तात्पुरते ठेवलेले असेल तर सामान्यतः तसे मानले जात नाही. वॉशिंग्टन राज्यात कॅम्परला स्वतंत्र मालकीपत्र व नोंदणी लागते. इतर कित्येक राज्यांत ते निव्वळ हौद्यातील सामान असल्याने नोंदणीचा प्रश्नच उद्भवत नाही. दुसरीकडे, १९८६ च्या करसुधारणेनंतर व्याजाची वजावट देताना महसूल खाते झोपण्याची, स्वयंपाकाची व शौचाची सोय असलेला ट्रेलर किंवा नौका यांनाही निवासस्थान मानते. अशा रीतीने सुसज्ज कॅम्पर कर भरताना घर, वजन करताना माल आणि एखाद्या राज्याची सीमा ओलांडताच नोंदणीयोग्य वस्तू ठरू शकते.

विमापत्रातील कॅम्पर :

कॅम्परचा मालक विमा कंपनीकडे जातो तेव्हा त्याच्याजवळ सामान्यतः दोन विमापत्रे असतात. एक ट्रकचे आणि दुसरे घराचे. या दोहोंपैकी कोणत्याही एकात आपले कॅम्पर आपोआप येत असावे, असा त्याचा समज असतो. ऐतिहासिक दृष्ट्या हा समज चुकीचा ठरत आला आहे. तो का, हे पाहण्यासाठी दोन्ही पत्रांची घडण पाहावी लागते.

इन्शुरन्स सर्व्हिसेस ऑफिस या संस्थेने १९७७ मध्ये वैयक्तिक मोटारविम्याचा नमुना प्रसृत केला. सोप्या भाषेत लिहिलेला हा नमुना, आवश्यक ते बदल करून, अनेक कंपन्यांनी स्वीकारला. त्यात ठराविक वजनमर्यादेतील आणि खाजगी वापराच्या पिकअपला मोटारीच्या बरोबरीचे स्थान मिळाले. परंतु हौद्यावरील खोलीचे काय? या नमुन्याच्या विविध आवृत्त्यांतील अपवाद-कलमे पाहता पुढील गोष्टी दिसून येतात. मालकाचे कॅम्पर विमापत्राच्या तपशीलपत्रकात नमूद केलेले नसेल, तर त्याच्या नुकसानीची भरपाई मिळत नाही. नव्याने घेतलेल्या कॅम्परसाठी ते कळविण्यापुरती अल्प मुदत दिली जाते. राहण्याची अधिक सोय निर्माण करणारी उपकरणे, बाहेर उघडणारे छत किंवा कनाती यांनाही भरपाईतून वगळले जाते. पिकअपमध्ये मागाहून बसविलेले फर्निचर, गालिचे, उष्णतारोधक अस्तर किंवा उंची वाढविणारे छप्पर हेही अपवादात मोडते. हौद्यावरील साध्या आच्छादनाला मात्र पुढे सवलत मिळाली. सारांश, हौद्यावर झाकण असेल तर ट्रक हा ट्रकच राहतो. झाकणाखाली पलंग आला की वर्ग बदलतो.

घराच्या विम्याची कथा याहून निराळी नाही. घर, घरातील वस्तू आणि व्यक्तिगत दायित्व यांना एकाच पत्रात आणणारा विमा इन्शुरन्स कंपनी ऑफ नॉर्थ अमेरिका या कंपनीने १९५० मध्ये सुरू केला आणि तो लोकप्रिय झाला. मोटारीला या पत्रातून वगळले जाते. कॅम्परला इंजिन नसल्याने ते या अपवादातून कदाचित सुटेल, असे वाटू शकते. परंतु प्रचलित नमुन्यात चोरीच्या कलमाखाली घराच्या आवाराबाहेर चोरीस गेलेले ट्रेलर व कॅम्पर स्पष्टपणे वगळले आहेत. याचा अर्थ, ज्या कामासाठी कॅम्पर घेतले ते काम सुरू होताच, म्हणजे ते आवाराबाहेर पडताच, हे संरक्षण संपते.

दोन विमापत्रांच्या मधील ही पोकळी भरून काढण्याचे दोन मार्ग कालांतराने रूढ झाले. पहिला मार्ग म्हणजे ट्रकच्या विमापत्रातच कॅम्परची किंमत जाहीर करून, जादा हप्ता भरून त्याची स्वतंत्र नोंद करून घेणे. दुसरा मार्ग म्हणजे सहलीच्या वाहनांसाठी असलेले वेगळे विमापत्र घेणे. या दुसऱ्या प्रकारात आतील सामान, वाटेत बंद पडल्यास होणारा मुक्कामाचा खर्च आणि तळावर असताना तिऱ्हाइताला झालेल्या इजेचे दायित्व यांचा समावेश करता येतो. मूल्यांकनाच्या पद्धतीही भिन्न असतात. घसारा वजा करून किंमत द्यावयाची, आधी ठरलेली किंमत द्यावयाची, की संपूर्ण नाश झाल्यास नवे कॅम्पर द्यावयाचे, हे हप्त्यावर अवलंबून असते.

याखेरीज कॅम्पर ट्रकवर आहे की जॅकवर, हा प्रश्न निर्णायक ठरतो. ट्रकवर असताना रस्त्यावरील दायित्व ट्रकच्या विम्यामागे जाते. जॅकवर उभे असताना तेथील पायरीवरून पाहुणा पडला, तर तो मोटार अपघात राहत नाही. त्याचे स्वरूप घराच्या ओट्यावरून पडण्यासारखे होते. वस्तू तीच, मालक तोच, इजाही तीच. तथापि चार जॅक खाली सोडताच दायित्वाचे संपूर्ण शास्त्र पालटते. म्हणून मालकाने विमा घेताना आपल्या वस्तूची किंमत सांगणे पुरेसे नसते. ती कोठे, कशी व किती दिवस उभी असते हेही त्याला सांगावे लागते.

निवारा म्हणून कॅम्पर :

आतापर्यंतच्या विवेचनात मालकाला अन्यत्र घर आहे असे गृहीत धरले होते. परंतु हे गृहीतक सर्वांना लागू पडत नाही. २००८ च्या आर्थिक अरिष्टानंतर घर गमावलेल्या वा भाडे न परवडणाऱ्या अनेक वयस्क अमेरिकनांनी व्हॅन, ट्रेलर व कॅम्पर यांचा आश्रय घेतला. जेसिका ब्रुडर यांच्या २०१७ मधील ‘नोमॅडलँड’ या पुस्तकाने आणि त्यावरील २०२० च्या चित्रपटाने हे वास्तव जगापुढे आणले.

अशा व्यक्तींच्या बाबतीत विम्याचा प्रश्न अधिक तीव्र होतो. सहलीच्या वाहनाचे सामान्य विमापत्र अधूनमधून होणारा वापर गृहीत धरते. वर्षातील बहुतांश काळ तेथेच राहणाऱ्यांसाठी पूर्णवेळ निवासाचे वेगळे संरक्षण असते. त्यात घराच्या विम्यासारखे व्यक्तिगत दायित्व व सामान यांचा समावेश असतो आणि त्याचा हप्ताही अधिक असतो. ज्याच्याजवळ दुसरे घर आहे त्याला स्वस्त विमा आणि ज्याच्याजवळ ते नाही त्याला महाग विमा, असा हा क्रम आहे. जोखमीच्या गणिताने तो समजून घेता येतो. सामाजिक न्यायाच्या दृष्टीने मात्र तो विचार करावयास लावतो. कमी हप्त्यासाठी एखाद्याने आपला कायमचा निवास लपविला, तर ऐन वेळी दावा नाकारला जाण्याचा धोकाही तोच पत्करतो.

वाहनाला घर म्हणावे की नाही याची निश्चिती शहर प्रशासनालाही करता आली नाही. वाहनाचा निवासासाठी वापर करण्यास लॉस एंजेलिस शहराने १९८३ मध्ये बंदी घातली होती. २०१४ मध्ये संघीय अपील न्यायालयाने डेझर्टरेन खटल्यात हा नियम संदिग्ध ठरवून रद्द केला. वाहनात नेमके काय केल्याने त्याचे निवासस्थान होते, हे नियमातून समजत नाही, असा न्यायालयाच्या निर्णयाचा रोख होता.

भारतीय संदर्भ :

भारतात कॅम्परचा प्रसार अत्यल्प आहे. तथापि, त्यामुळे उपस्थित होणारा प्रश्न आपल्याला अपरिचित नाही. त्याची दोन रूपे येथे आढळतात.

पहिले रूप नोंदणीचे आहे. भारतात मोटार वाहन कायदा, १९३९ मधील तृतीय पक्ष विम्याची सक्ती १ जुलै १९४६ पासून अमलात आली. पुढे १९८८ च्या कायद्यातील कलम १४६ व १४७ यांनी ती कायम ठेवली. केंद्र शासनाच्या २००४ मधील अधिसूचनेत खाजगी वापराची कॅम्पर व्हॅन किंवा ट्रेलर यांची गणना बिगर-परिवहन वाहनांत करण्यात आली. पुणे येथील ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडियाने प्रकाशित केलेल्या मानकांत मोटार-कॅरॅव्हॅनसाठी स्वतंत्र मानक आहे. बसण्याची जागा व टेबल, झोपण्याची सोय, स्वयंपाकाची सोय आणि सामान ठेवण्याची जागा या तिच्या आवश्यक बाबी होत. २०२१ मध्ये महाराष्ट्र शासनाने कॅरॅव्हॅन पर्यटन धोरणही जाहीर केले. तथापि, या व्यवस्थेत निवासाची सोय वाहनाचाच भाग मानली आहे. हौद्यावर ठेवून पुन्हा उतरविता येणाऱ्या खोलीची कल्पना तीत केंद्रस्थानी नाही. शिवाय कलम ५२ अन्वये वाहनातील फेरबदलांवर बंधने आहेत. उत्पादकाच्या मूळ तपशिलाशी विसंगत फेरबदल करता येणार नाहीत, असे सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये स्पष्ट केले. त्यामुळे हौशी मालकाने प्रथम परिवहन कार्यालयाची मान्यता घेणे आणि मगच विमा कंपनीस कळविणे हाच सुरक्षित क्रम ठरतो.

दुसरे रूप अधिक गंभीर आहे. अमेरिकेत ट्रकच्या हौद्यातील निवारा माल ठरला. आपल्याकडे प्रश्न उभा राहिला तो हौद्यातील माणसाचा. मालमोटारीत बसून जाणाऱ्या व्यक्तीचा अपघातात मृत्यू झाल्यास तिच्या वारसांना विमा कंपनीने भरपाई द्यावी काय? १९९४ च्या दुरुस्तीने कलम १४७ मध्ये मालाचा मालक किंवा त्याचा अधिकृत प्रतिनिधी यांचा समावेश झाला. ट्रकमालकाच्या नोकरीत असलेला हमाल कामगार-भरपाईच्या मर्यादेत आधीच संरक्षित होता. उर्वरित प्रवाशांचे काय, याविषयी मतभेद होते. सतपाल सिंग प्रकरणातील निर्णयात सर्वोच्च न्यायालयाने असे प्रवासीही विम्याच्या कक्षेत येतात असे मानले होते. त्यानंतर न्यू इंडिया अ‍ॅश्युरन्स विरुद्ध आशा राणी या खटल्यात डिसेंबर २००२ मध्ये अधिक न्यायमूर्तींच्या पीठाने ही भूमिका अमान्य केली. २००४ मधील बलजीत कौर प्रकरणात हेच सूत्र कायम राहिले. तथापि त्या प्रकरणापुरती कंपनीने आधी रक्कम द्यावी आणि नंतर वाहनमालकाकडून वसूल करावी, असा मार्ग काढण्यात आला.

या निर्णयांमागील कायदेशीर तर्क समजण्यासारखा आहे. मालवाहू वाहनाचा हप्ता माल वाहण्याच्या जोखमीवर ठरतो आणि प्रवाशांचा हप्ता कोणी भरलेला नसतो. परंतु दरवर्षी दसऱ्या-दिवाळीच्या सुमारास मराठवाड्यातून साखर कारखान्यांच्या परिसराकडे निघणाऱ्या ऊसतोड मजुरांचे स्मरण येथे झाल्यावाचून राहत नाही. ट्रकच्या किंवा ट्रॉलीच्या हौद्यात भांडीकुंडी, सरपण, पत्र्याची पेटी, शेळ्या आणि त्यांवर बसलेली लेकरे असा संपूर्ण संसार लादलेला असतो. तो माल आहे की निवारा? त्यातील स्त्री मालाची मालक आहे, मुकादमाने नेलेली मजूर आहे की केवळ प्रवासी? अपघातानंतर न्यायाधिकरणापुढे हे प्रश्न विचारले जातात, तेव्हा उत्तर देणारे कुटुंब स्वतःच दुःखात असते आणि नोंदीचा एकही कागद त्याच्या हाती नसतो.

समारोप :

वरील विवेचनावरून काही निष्कर्ष हाती येतात. पहिला असा की, विमापत्रातील वर्ग हे नैसर्गिक नसून ऐतिहासिक असतात. घोडागाडीच्या धर्तीवर मोटारीचे पत्र आले, मोटारीच्या पत्रातून पलंग वगळला गेला आणि घराच्या पत्राने आवाराबाहेरचे कॅम्पर नाकारले. दुसरा निष्कर्ष असा की, समाजाचे जगणे वर्गांच्या सीमा आधी ओलांडते व कायदा मागाहून येतो. मधल्या काळातील नुकसान ज्याचे त्याला सोसावे लागते. तिसरा असा की, ज्याच्याजवळ माहिती, कागद आणि जादा हप्ता भरण्याची ऐपत आहे, तो ही पोकळी भरून काढू शकतो. अमेरिकेतील सुखवस्तू कॅम्पर-मालकाने तपशीलपत्रकात एक ओळ वाढवून हे साधले. कॅम्परमध्येच राहणाऱ्या गरीब वृद्धाला ते तितके सोपे गेले नाही. आपल्याकडील ट्रॉलीतील मजुराच्या बाबतीत तर ती ओळ लिहिण्याचा अधिकारही त्याच्याकडे नसतो, कारण विमापत्र वाहनमालकाच्या नावे असते.

म्हणून या विषयाकडे केवळ वाणिज्याच्या चौकटीतून पाहणे अपुरे ठरेल. इतिहास, कायदा, अर्थशास्त्र व समाजशास्त्र या शाखांच्या अध्यापकांनी आपापल्या परिसरातील अपघात न्यायाधिकरणांचे निवाडे व विमापत्रांचे जुने नमुने एकत्रितपणे अभ्यासले, तर ग्रामीण महाराष्ट्राच्या स्थलांतराचा एक दुर्लक्षित इतिहास उजेडात येऊ शकेल. हौद्यात काय ठेवले आहे, हे पाहणे जसे आवश्यक आहे, तसेच हौद्यात कोण बसले आहे हे पाहणेही अगत्याचे आहे.